रोज शंभर डिप्स मारूनही छाती का भरत नाही?

तुझा प्रश्न आधी सगळ्यांसाठी मांडतो. वय २१, उंची पाच फूट सात इंच, वजन ५४ किलो. कोरेगाव तालुक्यातलं गाव, पोलीस भरतीची तयारी. चार महिने झाले, रोज पहाटे वीस-वीसचे पाच सेट, म्हणजे शंभर डिप्स (जमिनीवरचे पुशअप), एक दिवस खाडा नाही. तरी छाती भरत नाही, टेप ७८ सेंटिमीटरवर अडकलाय, आणि गेल्या महिन्यापासून उजवा खांदा पुढच्या बाजूनं दुखतोय. जिमला पैसे नाहीत. घरच्या घरी छाती होते का, की हे सगळं सोडून द्यावं, असं विचारलंयस.

होते. मी साताऱ्यात गेली एकोणीस वर्षं पोरांचा व्यायाम घेतोय, त्यातली निम्मी तुझ्यासारखी भरतीची. घरचा ओटा, दोन विटा आणि शाळेचं जुनं दप्तर एवढ्यावर अंग भरलेली पोरं मी बघितलीत. तुझ्या चिकाटीत काही कमी नाही; चार महिने खाडा न करणारा पोरगा दहात एखादाच भेटतो. चूक एका जागी आहे. तू आकडा धरून बसलायस आणि अवघडपणा हातातून सुटलाय.

पहिल्या महिन्यात वीस डिप्स काढताना शेवटच्या चार-पाचला तुझे हात थरथरत असतील. आज तेच वीस बोलत बोलत निघत असतील. शरीरानं त्या कामाची सवय करून घेतली. आता रोज तेवढंच काम त्याच्यापुढं टाकलं, तर नवीन स्नायू बांधायचं त्याला कारणच उरत नाही. दम वाढेल, चिवटपणा वाढेल, पण छाती आहे तिथंच राहील.

हे पटावं म्हणून मी नव्या पोरांना एक प्रयोग करून दाखवतो. जमिनीवर इलेक्ट्रॉनिक वजनकाटा ठेवायचा, दोन्ही तळहात काट्यावर, पाय मागं तेवढ्याच जाडीच्या फळीवर, आणि डिप्सच्या वरच्या स्थितीत स्थिर राहायचं. ५४ किलोच्या पोराखाली काटा साधारण ३५ किलो दाखवतो, म्हणजे त्याच्या वजनाच्या जवळपास ६४ टक्के. छाती खाली नेली की आकडा चढतो आणि चाळिशीला टेकतो. गुडघे टेकले की २६-२७ वर येतो. काटा दोन फूट उंच ओट्यावर ठेवून त्यावर हात टेकले तर २२. उलट काटा जमिनीवर आणि पाय ओट्यावर, तर वरच्या स्थितीतच ४०. शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत बसून मोजलेलं प्रमाणही हेच आहे.

म्हणजे चार महिने तू ३५ किलोचं ओझं रोज शंभर वेळा ढकलतोयस. पहिल्या दिवशीही ३५, आजही ३५. जिममध्ये एखादा गडी चार महिने बारला एकच वजन लावून बसला असता, तर तूच त्याला म्हणाला असतास, अरे प्लेट वाढव. डिप्समध्ये प्लेट डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ते कुणाच्या लक्षात येत नाही.

स्नायू वाढायला किती अवघड हवं, तेही सांगतो. सेट अशा जागी थांबला पाहिजे की अजून एक निघेल, ओढून ताणून दोन निघतील, तिसरा काही केल्या निघणार नाही. ती वेळ आठव्या डिप्सला आली काय किंवा पंचविसाव्याला आली काय, स्नायूला फारसा फरक पडत नाही. सहापासून तीसपर्यंत कुठंही हा कस लागला तर वाढ होते. तिशीच्या पुढं गेलास तर छातीच्या आधी दम आणि कंटाळा येतो, म्हणून मी आठ ते वीसच्या मध्ये ठेवायला सांगतो. २०१७ साली जपानमध्ये एक छोटा अभ्यास झाला. एका गटानं आठ आठवडे हलक्या वजनाचा बेंच प्रेस मारला, म्हणजे बाकावर उताणं पडून बार वर ढकलला, दुसऱ्यानं तेवढाच भार पडेल असे पुशअप मारले. छातीच्या स्नायूची जाडी दोन्हीकडं सारखीच वाढली. स्नायूला लोखंड आणि जमीन यातला फरक कळत नाही, त्याला फक्त ताण कळतो.

आता डिप्स कसा मारायचा. इथं मी थोडा रेंगाळणार आहे, कारण शंभरातल्या नव्वद पोरांची चूक इथंच असते आणि तुझ्या खांद्याचं कारणही बहुतेक इथंच आहे.

मी लहानपणी तालमीत जायचो. आमच्या वस्तादांचा एक नियम होता. हौद्याशेजारी ओलसर लाल माती पसरून ठेवायचे आणि जोर, डिप्स सगळं तिच्यावर. मोजायला ते स्वतः बसायचे. डिप्स झाले की उभं करून छातीकडं बघायचे. दोन्ही बाजूंना माती लागली असेल तर आकडा धरायचा. नाकाला लागली, पोटाला लागली, छाती कोरडी, तर सगळे बाद, पहिल्यापासून सुरू. मी चाळीस मारतो अशा ऐटीत गेलो होतो, पहिल्या दिवशी माझे अकरा धरले गेले. ती कोरडी छाती मला अजून आठवते. आज मी पोरांना घेताना हीच पद्धत ठेवलीय, मातीऐवजी जमिनीवर चार घड्यांचा ओला पंचा ठेवतो. बनियनला ओल लागली पाहिजे, आणि ती छातीला, पोटाला नाही.

हे तू आज घरी करून बघ. तीन मोजत खाली जा, पंच्याला छाती टेकव, एक क्षण थांब, मग वर ये. खाली आपटायचं नाही आणि उसळी घेऊन वर यायचं नाही. वीस मारणारी पोरं या पद्धतीनं आठ-नऊवर येतात. मन खट्टू करून घेऊ नकोस. ते नऊ तुझे खरे नऊ आहेत, आणि तिथूनच वाढ मोजायची आहे.

हात खांद्यांपेक्षा टीचभर बाहेर. बोटं पसरलेली, समोर बघणारी. खाली जाताना कोपरं शरीरापासून साधारण ४५ अंशात, वरून बघितलं तर बाणाच्या टोकासारखा आकार दिसावा. तुझी कोपरं खांद्याच्या रेषेत सरळ बाहेर जात असणार, इंग्रजी टी सारखी. तसं केलं की दंडाचं हाड खांद्याच्या सांध्यात पुढं दाबलं जातं, आणि रोज शंभर वेळा दाबलं गेलं की पुढची बाजू दुखायला लागते. पोरांना वाटतं हात जितके लांब तितकी छाती रुंद होईल. तसं काही होत नाही. फार लांब हात ठेवल्यावर खाली जायचं अंतर कमी होतं, काम सोपं होतं आणि खांदा मात्र भरडला जातो.

कंबर आणि नितंब घट्ट. टाचेपासून डोक्यापर्यंत एक सरळ रेष. कंबर झुलली की पोट आधी टेकतं आणि छातीचं काम वाया जातं. मान वर काढून समोर बघू नकोस, हातांच्या थोडं पुढं जमिनीवर नजर ठेव.

छातीचा मोठा स्नायू पंख्यासारखा पसरलेला असतो. कॉलर बोन, छातीच्या मधलं हाड आणि बरगड्या इथून तो निघतो, आणि त्याचे सगळे धागे गोळा होऊन दंडाच्या हाडाला वरच्या बाजूला जोडले जातात. दंड शरीराच्या समोरून आत आणणं हे त्याचं मुख्य काम. ज्वारीचं पोतं कवेत घेऊन उचलताना जे होतं, तेच. म्हणून वर येताना 'जमीन ढकलतोय' असं मनात आणू नकोस. दोन्ही तळहात जमिनीवर रोवलेले असताना ते एकमेकांकडं ओढायचा प्रयत्न कर. हात हलणार नाहीत, पण छाती लगेच आवळलेली जाणवेल. ज्यांना डिप्स मारताना फक्त दंडाच्या मागच्या बाजूला आणि खांद्याला लागतं, छातीला काही कळतच नाही, त्यांच्यासाठी ही एक सूचना पुष्कळदा पुरी पडते.

एक प्रश्न तू विचारला नाहीस, पण साताऱ्यात तो निघतोच: मग जोर मारू का डिप्स? आपला हा भाग जोर-बैठकांचा. औंध संस्थानचे राजे पंतप्रतिनिधी, त्यांनी तर सूर्यनमस्काराचा ध्यास घेतला, शाळाशाळांतून मुलांना घालायला लावले, आणि शंभर वर्षांपूर्वी आपल्या याच जिल्ह्यातून त्याचा प्रसार बाहेर गेला. मला जोर मनापासून आवडतात. खांदा, पाठ, कंबर, सगळं मोकळं होतं, दम वाढतो, पैलवानाला खाली झुकून वर उसळायची सवय लागते. पण नुसती छाती भरायची असेल तर सरळ डिप्स जास्त कामाचा, कारण जोरात भार एका जागी ठरत नाही. तो खांद्यावरून छातीवर, छातीवरून पाठीवर सरकत राहतो. जुन्या पैलवानांची छाती भरलेली दिसते ती वर्षानुवर्षांची मेहनत, समोरच्या गड्याला रेटणं आणि खुराक या सगळ्याची मिळून. जोर सोडू नकोस, पहाटे अंग गरम करायला दहा-पंधरा मार. मोजमापाचं काम डिप्सवर ठेव.

आता प्लेट कशी वाढवायची ते. नियम असा ठेव: ओल्या पंच्यावर, तीन मोजत खाली जाऊन, तीन सेटमध्ये प्रत्येकी पंधरा डिप्स नीट निघाले की पुढच्या पायरीवर जायचं.

पहिली पायरी विटांची. दोन पक्क्या विटा आडव्या, न डुगडुगणाऱ्या, प्रत्येक हाताखाली एक. वीट साधारण तीन इंच जाड असते, म्हणजे छाती हातांच्या पातळीच्या तीन इंच खाली जाते. तिथं छातीचा स्नायू पूर्ण ताणला जातो, आणि ताणलेल्या अवस्थेत काम केलं तर वाढीला चांगला हात लागतो. विटेवर जुनं कापड गुंडाळ, नाहीतर तळहात सोलतात. खांदा दुखत असताना मात्र ही पायरी करायची नाही. विटेच्या कडेला पकड घेऊन मनगट सरळ ठेवता येतं, हा आणखी एक फायदा. ज्यांचं मनगट दुखतं त्यांनी तर हेच करावं.

दुसरी पायरी पाय वर. घराचा ओटा, पायरी, बाजेची कड. आधी एक फूट, मग दोन फूट. वजनकाट्याचा हिशेब आठव, ३५ चे ४० होतात. पाय जितके वर तितका भार छातीच्या वरच्या भागावर आणि खांद्यावर सरकतो. वरची छाती, म्हणजे कॉलर बोनखालचा भाग, बारीक पोरांचा नेहमी खोलगट असतो, त्यामुळं ही पायरी तुला उपयोगी आहे. दोन फुटांच्या पुढं जाऊ नकोस, तिथून तो खांद्याचाच व्यायाम होतो.

तिसरी पायरी दप्तराची, आणि खरी मजा इथून आहे. शाळेची जुनी पाठपिशवी घे. त्यात ज्वारी, वाळू, पुस्तकं, काहीही, पण मोजून. पहिल्या आठवड्यात चार किलो. पट्टे आवळून पिशवी खांद्यांच्या पात्यांमध्ये बसली पाहिजे, कमरेवर घसरली तर कंबर झुलते आणि छातीवरचा भारही कमी होतो. दर आठवड्या-दोन आठवड्यांनी एक-दोन किलो वाढव. माझ्याकडची काही पोरं याच रस्त्यानं पंधरा किलोच्या दप्तरावर पोचली. वाळू कोरडी भर आणि आधी प्लास्टिकच्या पिशवीत बांध. ओली वाळू एकाच बाजूला बसते आणि डिप्स तिरका होतो.

याच्याही पुढं एका हातावर जास्त भार देऊन मारायचे प्रकार आहेत, पण ते सहा-आठ महिन्यांनंतर बघू. टाळी वाजवून मारायचे डिप्स बघायला छान, चपळाईला बरे, छाती भरायला त्यांचा उपयोग कमी. सांधे मात्र धक्का खातात.

रोज मारायचे नाहीत. हे ऐकून पोरांना सगळ्यात जास्त वाईट वाटतं, रोज घाम गाळला नाही तर चैन पडत नाही. पण स्नायू मारताना वाढत नाही, मारून झाल्यावरच्या दीड-दोन दिवसांत वाढतो. आठवड्यातून तीन दिवस: सोमवार, बुधवार, शनिवार. प्रत्येक दिवशी चार सेट, म्हणजे आठवड्याला बारा. दोन सेटच्या मध्ये दोन ते तीन मिनिटं पूर्ण विश्रांती, घड्याळ लावून. घाईघाईनं तीस सेकंदांवर पुढचा सेट घेतलास तर दमामुळं थांबशील, छातीमुळं नाही. वहीत लिहून ठेव: तारीख, पायरी, चार सेटचे आकडे. मागच्या सोमवारपेक्षा एकूण एक जरी जास्त निघाला तरी आठवडा कामी आला. दोन-तीन आठवडे आकडा हललाच नाही तर आधी झोप आणि जेवण बघ, व्यायाम नंतर.

मधल्या दिवसांत पळायचं. डिप्सला भरतीत गुण नाहीत, हे विसरू नकोस. पोलिसांची मैदानी चाचणी ५० गुणांची: १६०० मीटरला २०, १०० मीटरला १५, गोळाफेकीला १५. गोळा मुलांसाठी ७.२६० किलोचा. छाती आणि दंडाची ताकद गोळ्याला उपयोगी पडते, तरी गोळा पायातून आणि कमरेतून निघतो. नुसत्या हातानं फेकणाऱ्याचा जवळच पडतो.

आता टेपचं. पोलीस भरतीत मुलांची छाती न फुगवता ७९ सेंटिमीटर लागते आणि फुगवल्यावर किमान ५ सेंटिमीटरचा फरक लागतो. तू ७८ वर आहेस. आता टेप कुठून जातो ते बघ. पुढून छातीवरून आणि मागून पाठीवरून. टेप पाठीलाही मोजतो! तू चार महिन्यांत पाठीचा एकही व्यायाम केलेला नाहीस. बगलेखालून पसरणारा पाठीचा रुंद स्नायू भरला की टेपवर आकडा छातीपेक्षाही लवकर हलतो, आणि बारीक पोरांत तर हे मी पुन्हा पुन्हा बघितलंय.

म्हणून जितके सेट डिप्सचे तितकेच ओढायचे. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या मैदानात सिंगल बार असतोच, नसेल तर आंब्याची जाड फांदी. पुलअप निघत नसेल तर उडी मारून हनुवटी वर न्यायची आणि पाच मोजत हळूहळू खाली यायचं, असे पाच-सहा. काही आठवड्यांत पहिला पुलअप निघतो. सोबत दप्तर ओढायचं: कमरेत वाकून, पाठ सरळ, एका हातानं दहा-बारा किलोचं दप्तर कोपर मागं नेत बरगडीपर्यंत ओढायचं, बारा-पंधरा वेळा प्रत्येक बाजूला. पुढंमागं आर्मीच्या भरतीला उभा राहिलास तर तिथं पुलअपला गुण आहेत, दहा निघाले की पूर्ण ४०. अपशिंगे म्हणजे आपल्याकडचं फौजींचं गाव, तिकडच्या पोरांना हे सांगावं लागत नाही, ती बारवरच वाढलेली असतात.

फुगवल्यावरचा ५ सेंटिमीटरचा फरक हा डिप्सचा विषयच नाही. तो बरगड्या किती उघडतात याचा आहे. रोज संध्याकाळी पाठीखाली, खांद्याच्या पात्यांच्या पातळीला, सतरंजीची गुंडाळी घेऊन उताणा पड, हात डोक्यामागं, आणि दहा खोल श्वास घे. पोट नाही, बरगड्या बाजूला उघडल्या पाहिजेत. भरतीच्या दिवशी घाबरून खांदे वर उचलतात आणि पोट आत ओढतात, त्यानं फरक वाढत नाही. आरशासमोर टेप लावून खांदे खाली ठेवून फुगवायचा सराव कर.

जेवणाकडं येऊ. पाच फूट सातला ५४ किलो म्हणजे तुझ्याकडं बांधायला विटाच कमी आहेत. कमी वजन म्हणजे कमी ताकद असं मात्र मानू नकोस. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत ऑलिंपिकचं कांस्य आणलं ते ५७ किलोच्या गटात. पण छाती भरायची असेल तर वजन वाढलं पाहिजे, महिन्याला अर्धा ते एक किलो या बेतानं. प्रथिनं वजनाच्या प्रत्येक किलोमागं साधारण १.६ ग्रॅम, म्हणजे तुला रोज ८६ च्या आसपास.

हे डब्यातल्या पावडरीशिवाय आपल्या चुलीवर बसतं. तुझा कोरेगाव तालुका वाघ्या घेवड्याचा, त्याला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. साठ ग्रॅम कोरडा घेवडा भिजवून उसळ केली की १३ ग्रॅम प्रथिनं. तो रात्रभर भिजवून, पाणी टाकून, पूर्ण मऊ शिजवायचा, अर्धाकच्चा घेवडा पोट बिघडवतो. सोयाबीनच्या वड्या ४० ग्रॅम, त्याचे २०. अर्धा लिटर दूध, १६. तीन अंडी, १८. मूठ-दीड मूठ शेंगदाणे, १०. दिवसाच्या चार भाकरी, २० च्या जवळ. बेरीज कर, नव्वदच्या वर गेली. अंडी खात नसशील तर दूध आणि वड्या वाढव, दही घाल. सकाळी पळून आल्यावर नुसता चहा-बटर खाऊन कामाला जायची सवय असेल तर ती आधी मोड. चहाच्या आधी दूध आणि शेंगदाणे-गूळ. आणि झोप सात-आठ तास. रात्री एकपर्यंत मोबाइल आणि पहाटे पाचला मैदान, हे दोन्ही एका अंगाला झेपत नाही.

पावडर परवडली तर वाईट नाही, पण तिच्यावाचून अडतही नाही. इंजेक्शन आणि 'आठ दिवसांत छाती' म्हणणाऱ्या गोळ्या मात्र हातात धरू नकोस. माझ्या ओळखीचा एक पोरगा भरतीच्या तीन महिने आधी या नादाला लागला. अंग फुगलं, मग छातीखाली गाठ आली, चेहऱ्यावर पुरळ, रक्तदाब वाढला. भरती राहिली बाजूला, दवाखान्यात खेटे सुरू झाले. त्याच्या आईचा चेहरा आठवला की मला अजून त्रास होतो. कुणी मित्रानं सुचवलं तर सरळ उठून ये.

दोन गोष्टी पटकन. छातीच्या मधली रेघ वेगळी आणता येत नाही. दोन्ही बाजूंचे स्नायू मध्ये किती जवळ येतात हे जन्मतः ठरलेलं असतं. हात जवळ ठेवून मारलेल्या डिप्सनं दंडाचा मागचा भाग आणि सगळी छाती मिळून वाढते, मधला तुकडा तेवढा वाढत नाही. आणि ज्यांची छाती चरबीनं लोंबते त्यांची चरबी डिप्स मारून तिथूनच कमी होत नाही. बोंडीखाली टणक गाठ लागत असेल तर डॉक्टरांना दाखवायचं, लाजायचं नाही.

राहिला तुझा खांदा, आणि तुझी सुरुवात तिथूनच आहे. नुसता कट्-कट् आवाज येत असेल आणि दुखत नसेल तर काळजी नाही. तुझा दुखतोय, म्हणून पहिले दोन आठवडे जमिनीवरचे डिप्स बंद. हात दोन फुटांच्या ओट्यावर, कोपरं ४५ अंशात, तीन मोजत खाली, आणि दुखायला लागतं त्याच्या थोडं अलीकडं थांबायचं. भार २२ किलोवर आला म्हणून लाज वाटायचं कारण नाही, याच दोन आठवड्यांत कोपरांची सवय बदलून घ्यायची आहे. ओढायचे व्यायाम दुप्पट, पण बारला लोंबकळून खांद्यात कळ आली तर पुलअप थांबव आणि फक्त दप्तर ओढ. दोन आठवड्यांनी दुखणं गेलं असेल तर ओटा सोडून हात घराच्या एका पायरीवर ठेव, मग जमिनीवर. दोन आठवड्यांनंतरही तसंच असेल, रात्री त्या कुशीवर झोपता येत नसेल किंवा हात वर नेताना ताकद जात असेल, तर फिजिओथेरपिस्ट किंवा हाडांच्या डॉक्टरांकडं जा. भरती पुढच्या खेपेलाही निघेल, खांदा एकच आहे.

आजच टेप लाव. सकाळी, उपाशीपोटी, बोंडीच्या रेषेत, मागून पात्यांच्या टोकाखालून, श्वास सोडून. तोच टेप, तीच जागा, दर पंधरा दिवसांनी. पहिल्या महिन्यात डिप्सचा आकडा हलेल, टेप हलणार नाही. तेव्हा मज्जासंस्था शिकत असते, स्नायू नंतर येतो. टेपकडं आठव्या आठवड्यापासून बघ. आणि मोबाइल बाजूला टेकवून एका सेटचा व्हिडिओ काढ, समोरून नको, डोक्याच्या बाजूनं तिरका, म्हणजे कोपरं कुठं जातात ते तुझं तुलाच दिसेल.